फ्लॅट घेताय? मग तिसाव्या वर्षाचा हिशोब आत्ताच मांडा

फ्लॅट बघायला निघालेली माणसं काय काय बघतात ते मी अर्धं आयुष्य बघत आलेय, आधी बँकेत होम लोनच्या टेबलवर आणि रिटायर झाल्यापासून आमच्या कोथरूडच्या सोसायटीची खजिनदार म्हणून. टाइल्स कुठल्या, किचन मॉड्युलर आहे का, बाल्कनीतून टेकडी दिसते का, ऑफिस किती लांब, आणि ईएमआय पगारात बसतो का. हे सगळं बघावंच, पण हे झालं पहिल्या पाच-सात वर्षांचं. घर हा तीस-चाळीस वर्षांचा मामला आहे आणि तिसाव्या वर्षी त्या टाइल्स आणि ते किचन कुणी विचारत नाही, तेव्हा विचारतात की बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती कुणाच्या नावावर आहे, आणि ती जमीन ज्यांच्यासोबत तुमच्या वाट्याला आली आहे ती माणसं एकत्र बसून एखादा ठराव पास करू शकतात का. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे, बाकी खाली सविस्तर लिहिते.

आपण सगळेच सहज बोलून जातो की फ्लॅटचा भाव वाढला. पण जरा शांतपणे विचार करा, वीस वर्षांपूर्वी बांधलेल्या भिंती, आतलं गंजत चाललेलं लोखंड, गळकी गच्ची, जुन्या जीआय पाइपलाइन, दर पावसाळ्यात बंद पडणारी लिफ्ट, यातलं काय महाग झालंय? काहीच नाही. बांधकामाला घसारा लागतो, हिशोबाच्या वहीतही लागतो आणि प्रत्यक्षातही. जमिनीला घसारा नाही. म्हणजे जो भाव वाढला तो खालच्या जमिनीचा, त्या जागेचा, आजूबाजूला आलेल्या रस्त्याचा, शाळेचा, मेट्रोचा. कोथरूडचंच बघा, वनाझ ते गरवारे कॉलेज मेट्रो मार्च २०२२ ला सुरू झाली, चांदणी चौकातला नवा पूल ऑगस्ट २०२३ ला खुला झाला, त्याचा फायदा आमच्या चाळिशीकडे निघालेल्या बिल्डिंगलाही मिळालाच, आम्ही त्यासाठी साधा रंगसुद्धा दिला नव्हता. बांधकाम उतरतं आणि जमीन चढते, आणि या दोन्हींची बेरीज म्हणजे तुमच्या फ्लॅटची किंमत. नवीन असताना बांधकामाचा वाटा मोठा, जुनं होत जाईल तसा जमिनीचा वाटा वाढत जातो, आणि शेवटी जवळपास सगळी किंमत जमिनीचीच उरते.

आणि इथेच खरी अडचण आहे, कारण महाराष्ट्रात हजारो सोसायट्या अशा आहेत की फ्लॅट लोकांच्या नावावर, पण जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर. खजिनदार झाल्यावर मी ऑफिसच्या लोखंडी कपाटातली सगळी कागदपत्रं एकदा बाहेर काढून लावली. मंजूर नकाशाच्या घड्या इतक्या जुन्या की उलगडताना कोपरे हातात येत होते, सोसायटीचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट होतं, शेअर सर्टिफिकेटचं पुस्तक होतं, पहिल्या मेंबरांच्या करारनाम्याच्या झेरॉक्स होत्या. कन्व्हेयन्स डीड, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणारा दस्त, मात्र कुठेच नव्हतं. सातबारा काढला तर त्यावर मूळ शेतकऱ्याचं नाव, ते बिचारे केव्हाच वारलेले, खाली वारसांची नावं चढलेली, आणि आमच्या सोसायटीचं नाव कुठेही नाही. इतक्या वर्षांत लोकांनी लोन फेडली, मुलांची लग्नं केली, काहींनी फ्लॅट विकून दुसरीकडे मोठे घेतले, आणि सरकारी कागदावर ती जागा अजून शेतकऱ्याचीच होती.

कायदा याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, सांगतो की सोसायटी रजिस्टर झाल्यापासून ४ महिन्यांत बिल्डरने जमिनीचं कन्व्हेयन्स करून द्यायचं. नंतर आलेल्या रेरामध्ये, म्हणजे बिल्डरांच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात, हीच मुदत ऑक्युपन्सी सर्टिफिकेटपासून, म्हणजे बिल्डिंग राहायला योग्य असल्याच्या दाखल्यापासून, ३ महिने आहे. पण देत नव्हते म्हणून तर सरकारला २००८ ला मोफामध्ये दुरुस्ती करून डीम्ड कन्व्हेयन्स आणावं लागलं, म्हणजे बिल्डर सही करत नसेल, सापडत नसेल, वारला असेल, तरी सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते, ते बिल्डरला आणि जमीनमालकाला नोटीस काढतात, सुनावणी होते, आणि सगळं नीट असेल तर एकतर्फी कन्व्हेयन्सचा आदेश निघतो. मग स्टॅम्प ऑफिसला कागद तपासून घ्यायचा, दस्त रजिस्टर करायचा आणि शेवटी सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डवर सोसायटीचं नाव लावून घ्यायचं. या शेवटच्या पायरीपाशी फार सोसायट्या थांबतात, दस्त झाला म्हणजे काम झालं असं समजून पेढे वाटतात आणि फेरफार, म्हणजे उताऱ्यावर नाव बदलण्याची नोंद, राहून जातो, तर तसं करू नका, सोसायटीचं नाव चढलेला उतारा हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही.

आम्ही ते केलं. वेळ लागला, आर्किटेक्टचं सर्टिफिकेट, प्रत्येक मेंबरचा इंडेक्स टू (करारनामा रजिस्टर झाल्याचा सरकारी उतारा), भरलेल्या स्टॅम्प ड्युटीचे पुरावे, त्यात दोघातिघांचे मूळ करारनामे सापडेनात, एक मेंबर दुबईत, एकाचा फ्लॅट कोर्टात. पण झालं. आणि झाल्यावर मला जे समाधान मिळालं ते माझ्या स्वतःच्या फ्लॅटचं लोन फिटलं तेव्हासुद्धा मिळालं नव्हतं, खरंच सांगते. कारण कन्व्हेयन्स नसेल तर वाढीव एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण) आला, टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क आणून इथे वापरणं) आला, तरी त्यावर हक्क कुणाचा यावरून वाद सुरू, आणि रिडेव्हलपमेंटला कुणी चांगला डेव्हलपर दारात उभा राहत नाही. ज्या जमिनीमुळे तुमच्या फ्लॅटला किंमत आहे तीच जमीन तुमच्या ताब्यात कागदोपत्री नाही, हे किती मोठं आहे ते लोकांना बिल्डिंग पडायला आल्यावर कळतं.

पुण्यात आणखी एक प्रकार बराच दिसतो, अपार्टमेंट. म्हणजे सोसायटी न करता १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डिक्लेरेशन केलेलं, त्यात प्रत्येकाच्या नावाने डीड ऑफ अपार्टमेंट होतं आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. घेताना हे विचारून घ्या की सोसायटी आहे का अपार्टमेंट, कारण पुढे मतदानाचं, संमतीचं, खर्च वाटून घेण्याचं सगळं गणित वेगळं होतं. रिसेलचा फ्लॅट असेल तर डीड ऑफ अपार्टमेंट झालंय की नुसताच करारनामा आहे ते बघाच.

आता पैशाचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त आरडाओरडा कशावर होतो तर मेंटेनन्स शंभर-दोनशे रुपयांनी वाढवण्यावर. आदर्श उपविधी, म्हणजे मॉडेल बायलॉज, सांगतात की सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती फंड किमान ०.७५ टक्के जमा करायचा, जमिनीची किंमत सोडून. समजा एका फ्लॅटचा बांधकाम खर्च २० लाख, तर सिंकिंग फंड वर्षाला ५,००० आणि दुरुस्तीचे १५,०००. ४० फ्लॅटची सोसायटी असेल तर सिंकिंग फंडाचेच वर्षाला २ लाख, पंधरा वर्षांत ३० लाख आणि वर व्याज. हे पैसे असले की लिफ्ट बदलायची वेळ आली तरी कुणाला घाम फुटत नाही. आणि नसले तर प्रत्येकाकडून एकदम मोठी रक्कम मागावी लागते, तेव्हा पेन्शनवर जगणारे आजी-आजोबा म्हणतात आम्ही कुठून द्यायचे, भाड्याने दिलेल्या फ्लॅटचे मालक फोन उचलत नाहीत, आणि काम दोन-तीन पावसाळे पुढे ढकललं जातं. तेवढ्यात पाणी आत शिरलेलं असतं.

पाणी आत शिरलं म्हणजे काय होतं ते मी आमच्या स्ट्रक्चरल ऑडिटला डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते. इंजिनिअर पार्किंगमध्ये आला, कॉलमवर एक छोटं उपकरण दाबून आकडे लिहून घेत गेला, त्याला रिबाऊंड हॅमर म्हणतात, काँक्रीटचा पृष्ठभाग किती कडक आहे ते त्यावरून कळतं. मग साध्या हातोडीने प्लास्टरवर टकटक करत चालला. चांगल्या ठिकाणी टणक आवाज, आणि ड्रेनेजच्या पाइपशेजारच्या कॉलमवर एकदम पोकळ. तिथलं प्लास्टर त्याने हाताने ओढलं तर पापुद्रा निघावा तसं निघालं, आत सळई तपकिरी, फुगलेली, नखाने खरवडली तरी गंज सुटत होता. लोखंड गंजलं की फुगतं आणि फुगलं की काँक्रीटला आतून फोडतं, वरून दिसते फक्त एक केसासारखी उभी चीर, आणि त्या चिरेवर आम्ही दर दिवाळीला चुना मारून मोकळे होत होतो. कारण काय निघालं, तर वरच्या मजल्यावरच्या एका बाथरूमची गळती, जिच्यावरून दोन मेंबर वर्षानुवर्षं भांडत होते की खर्च कुणी करायचा.

उपविधीत लिहिलंय की बिल्डिंग १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० च्या वर गेली की दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं. किती सोसायट्या करतात? रिसेलचा फ्लॅट घेताना ब्रोकर कधी सांगणार नाही पण तुम्ही मागा, शेवटचा ऑडिट रिपोर्ट, गेल्या तीन वर्षांचा ताळेबंद, सिंकिंग फंडाच्या एफडी किती आहेत, थकबाकीदार किती. सेक्रेटरी चांगला असेल तर दाखवेल. आणि टाळाटाळ करत असेल तर त्यातूनही काय ते समजतंच. मी तर म्हणते एकदा जिन्याने वर चढून गच्चीवर जाऊन या, टाकीखाली, लिफ्टच्या रूमपाशी, आणि डक्टमध्ये डोकावून बघा, सोसायटी कशी चालते ते डक्टमध्ये जितकं कळतं तितकं लॉबीत कळत नाही.

रिडेव्हलपमेंट हा आता पुण्यात आणि मुंबईत घराघरात चाललेला विषय आहे आणि त्याबद्दल लोकांच्या अपेक्षा फार वाढून बसल्यात. जुना फ्लॅट घ्या, पाच वर्षांत रिडेव्हलपमेंट होईल, फुकटात मोठा नवीन फ्लॅट मिळेल, असं सांगून जुने फ्लॅट चढ्या भावाने विकले जातात. होतं तसं कधी कधी, पण ते प्लॉट केवढा आहे, आत्ता किती एफएसआय वापरलाय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समोरचा रस्ता किती रुंद आहे यावर ठरतं. डिसेंबर २०२० मध्ये युनिफाइड डीसीपीआर, म्हणजे राज्याचे एकत्रित बांधकाम नियम, आले, त्यात रस्त्याच्या रुंदीप्रमाणे एफएसआय दिलाय आणि ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर चढवता येत नाही. पुण्यात जुन्या वसाहतींत, पानशेतच्या पुरानंतर वसलेल्या भागात सुद्धा, ६ मीटरचे रस्ते भरपूर आहेत. दोन गल्ल्या शेजारी शेजारी, एकीत सगळीकडे टॉवर चढतायत आणि दुसरीत तीन मजली बिल्डिंगा तशाच, आणि फरक फक्त तीन मीटरचा. टेप घेऊन रस्ता मोजला तरी चालेल, नाहीतर डीपी शीट, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याचा नकाशा, बघा, त्यात रस्ता रुंदीकरण दाखवलं असेल तर आपला प्लॉट किती कापला जाणार तेही दिसेल.

संमतीचं म्हणाल तर २०१९ च्या सरकारी निर्देशांप्रमाणे, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालचे, सोसायटीच्या एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांनी ठराव मंजूर केला की पुढे जाता येतं. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात तळमजल्याच्या माणसाला दुकान काढायचंय, वरच्या मजल्यावरच्या काकूंना त्यांची गच्ची सुटत नाही, ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांना घाई नाही, आणि ऐंशीच्या पुढच्या माणसाला या वयात तीन वर्षं भाड्याच्या घरात जायची भीती वाटते आणि ती भीती अगदी खरी आहे, त्याला आडमुठा म्हणू नये. अर्धवट सोडून गेलेल्या प्रोजेक्टमधली माणसं मी बघितलीत, भाडं यायचं बंद झालं, जुनं घर पाडलेलं, नवं नाही, आणि वय झालेलं. त्यामुळे कार्पेट एरिया किती जास्त मिळणार यावर भांडण्याआधी बँक गॅरंटी किती, भाडं थकलं तर करारात काय लिहिलंय, डेव्हलपरने आधी किती बिल्डिंगा पूर्ण करून ताबा दिलाय, यावर भांडा.

आता गुंतवणूक म्हणून. माझा भाचा हिंजवडीला आयटीत आहे, मागच्या दिवाळीत म्हणाला मावशी, रावेतला दुसरा फ्लॅट घेऊन ठेवतो, भाड्यातून ईएमआय निघेल. मी म्हटलं बस, कागद घे. ५० लाखांचं लोन, ८.५ टक्के, २० वर्षं, ईएमआय साधारण ४३,४०० रुपये. पहिल्या हप्त्यातले ३५,४०० नुसतं व्याज, मुद्दलात जातात जेमतेम ८,०००. वीस वर्षांत एकूण भरतोस १ कोटी ४ लाखांच्या आसपास. आता भाडं धर २०,०००. त्यातून मेंटेनन्स मालकाचा, वर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते, आणि ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत हे लक्षात ठेव, पुणे मनपाची स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के घरपट्टी सवलत नाही, भाडेकरू बदलला की महिना-दीड महिना रिकामा, रंग, गिझर, ब्रोकर, लीव्ह अँड लायसन्सचं रजिस्ट्रेशन. ईएमआय निघणं लांबच राहिलं, निम्मासुद्धा निघत नाही. १ कोटीच्या फ्लॅटला २५,००० भाडं आलं तर वरवर ३ टक्के दिसतात, खर्च वजा करून २ च्या आसपास हातात. म्हणजे तू भाड्यासाठी नाही घेत आहेस, भाव वाढेल म्हणून घेतो आहेस. तसं असेल तर तसं म्हण, आणि मग भावाचं गणित कर.

भावाचं गणितही लोक चुकीचं सांगतात, आकडा मोठा दिसतो म्हणून. २० लाखांना घेतलेला फ्लॅट वीस वर्षांनी १ कोटी झाला, पाचपट, ऐकायला किती छान. पण दरसाल चक्रवाढीने ते साधारण ८.४ टक्के पडतात. १० लाखांचे तीस वर्षांत ८० लाख झाले, आठपट, म्हणजे ७.२ टक्के. आणि यातून स्टॅम्प ड्युटी, लोनचं व्याज, दुरुस्ती, घरपट्टी अजून वजा व्हायचंय. मी हे घर घेऊ नका म्हणून सांगत नाहीये. राहतं घर घ्यावंच, परवडेल तेव्हा नक्की घ्यावं, घरमालकाने निघा म्हटलं की मुलांच्या शाळेपासून सगळं उलटंपालटं होतं ते मी लहानपणी बघितलंय आणि त्या स्थैर्याची किंमत टक्क्यांत काढता येत नाही. पण दुसरा, तिसरा फ्लॅट घेताना आकड्यांनी बोलावं.

शिवाय भाव दरवर्षी वाढतोच असंही नाही. साधारण २०१३-१४ पासून २०२० पर्यंत पुण्या-मुंबईत भाव जवळजवळ जागच्या जागी होते, मध्ये २०१६ ची नोटबंदी, २०१७ ला रेरा आणि जीएसटी, आणि मग कोविड. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने स्टॅम्प ड्युटी डिसेंबरअखेरपर्यंत २ टक्क्यांवर आणली तेव्हा कुठे रजिस्ट्रार ऑफिसला पुन्हा रांगा लागल्या. त्या मधल्या वर्षांत ज्यांना मुलीच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी फ्लॅट विकायचा होता त्यांचे काय हाल झाले, गिऱ्हाईकच नाही. सोनं दुपारी विकता येतं, फ्लॅटला सहा-आठ महिने सहज जातात आणि अर्धी बेडरूम विकून चालत नाही. म्हणून पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना मी नेहमी सांगते की सगळी पुंजी विटांमध्ये घालू नका, दोन-तीन वर्षांचा खर्च हाताशी ठेवून मगच.

प्लॉटबद्दल थोडक्यात. घसाऱ्याचा प्रश्न नाही म्हणून प्लॉट चांगला हे बरोबर, पण एनए (बिगरशेती) असलेला, मोजणी झालेला, स्वतःच्या नावाचा स्वतंत्र उतारा असलेलाच. पुण्याच्या आजूबाजूला गुंठा-दोन गुंठे करून शेतजमिनी विकतात, एकाच सातबाऱ्यावर दहा-वीस अनोळखी माणसांची नावं, हद्द नाही, रस्ता नाही, आणि तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्याचा अडथळा वेगळाच. शिवाय आपल्याकडे शेतजमीन घ्यायला माणूस आधीपासून शेतकरी असावा लागतो. भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल तर विक्रीला सरकारी परवानगी लागते, ते सातबाऱ्यावरच लिहिलेलं असतं, वाचा. आणि घेतला तर वर्षातून दोनदा जाऊन बघून या, तारेचं कुंपण आणि स्वतःच्या नावाची पाटी लावा, कारण रिकाम्या जागेवर अतिक्रमण फार पटकन होतं आणि निघता निघत नाही.

विकताना टॅक्स लागणार हेही घेतानाच डोक्यात असू द्या. दोन वर्षांनंतर विकलं की दीर्घ मुदतीचा नफा, २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के, इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता. त्या तारखेआधी घेतलेलं असेल तर भारतात राहणाऱ्या माणसाला इंडेक्सेशनसकट २० टक्के हाही पर्याय आहे, दोन्ही करून बघायचं आणि कमी पडेल ते घ्यायचं. २००१ च्या आधीची मालमत्ता असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारभाव किंमत धरता येते, त्यासाठी व्हॅल्युअरचा रिपोर्ट लागतो. आणि घरात जी मोठी कामं केलीत, खोली वाढवली, ग्रिल आणि खिडक्या बदलून घेतल्या, त्यांची बिलं जपून ठेवा, त्यातल्या सुधारणांचा खर्च नफ्यातून वजा मागता येतो. लोक पंचवीस वर्षांत बिलं टाकून देतात आणि मग सीएसमोर बसून आठवत बसतात.

आणि शेवटी वारसा, ज्याबद्दल आपल्याकडे जेवणाच्या टेबलावर कुणी बोलत नाही. आमच्याच सोसायटीत एक काका गेले, नॉमिनी म्हणून मोठ्या मुलाचं नाव होतं, तो समजला फ्लॅट आपला. नॉमिनी मालक होत नाही, सोसायटीने व्यवहार कुणाशी करायचा एवढ्यापुरता तो असतो, मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते, आणि मृत्युपत्र नव्हतं, म्हणजे काकू, दोन मुलगे आणि मुलगी सगळ्यांचा हिस्सा. मुलीने काही मागितलंही नव्हतं, नुसतं विचारलं, तर बोलणं बंद झालं. गावाकडच्या जमिनीत तर हे नेहमीचंच, २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलग्यांइतकाच हक्क दिला, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं की त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, तरी अजून राखीपौर्णिमेला आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतात. तिने राजीखुशीने सोडलं तर तिचा प्रश्न, पण आधी तिला कळू तर द्या की ती काय सोडतेय.

मुलं परदेशात असतील तर आणखी काळजी घ्या. परदेशात राहणाऱ्याने फ्लॅट विकला की घेणाऱ्याला नेहमीचा १ टक्का टीडीएस कापून चालत नाही, बराच जास्त कापावा लागतो, आणि तो कमी करून घ्यायचा तर इन्कम टॅक्सकडून आधी सर्टिफिकेट आणावं लागतं, त्यात महिने जातात. पॉवर ऑफ अॅटर्नी तिकडच्या वकिलातीतून करून आणायची, इकडे तिच्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची. न्यू जर्सीत नोकरी करणारा मुलगा दोन आठवड्यांच्या सुट्टीत हे सगळं उरकू शकत नाही, आई-वडील असतानाच कागद लावून ठेवले तर उरकतं.

मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी लागत नाही, साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि साक्षीदारांनीही करायची, ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्याला साक्षीदार करायचं नाही. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण करून घ्या, पुढे वाद झाला तर फार उपयोगी पडतं. काकूंनी आता त्यांच्या हिश्श्याचं केलंय, तिन्ही मुलांना समोर बसवून वाचून दाखवलं. आमच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत मी विषय घेतलाय की प्रत्येक मेंबरने नॉमिनेशन अपडेट करावं आणि शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू, करारनामा, लोन फिटल्याचं बँकेचं पत्र या चार कागदांची कॉपी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी कुठे ठेवली आहे ते सांगून ठेवावं.